बाबांचा खर्ज

आमच्या बाबांना हळू बोलणं कधी जमलंच नाही. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा शेजारच्यांना कळायची. आवाज मोठा होता असंही नाही, तो जाड होता, खालचा, खर्जातला. ते बाहेरच्या खोलीत बोलू लागले की आत मांडणीवरची पातेली किणकिणायची. लोकांना वाटतं मी वाढवून सांगतो. वाटू दे. मी पुढे जन्मभर आवाजांचीच मोजमापं केली, मला वाढवून सांगायची गरज नाही.

आजोबा संस्थानच्या फौजेत होते. बाबा संस्थानच्या दफ्तरात लागले, आणि संस्थान जाऊन मध्य प्रदेश झाला तेव्हा टेबलखुर्चीसकट नव्या सरकारात गेले. दफ्तरात त्यांना कोण विचारत होतं देव जाणे, पण लग्नसराईत इंदूरच्या मराठी घरांत त्यांच्यावाचून पान हलत नसे. भटजींची मंगलाष्टकं झाली की सगळे बाबांकडे बघत. बाबा घसा न खाकरता, उपरणं सावरून उभे राहत आणि शेवटची कडवी म्हणत. त्यांचा ‘सावधान’ असा यायचा की वाजंत्रीवालेसुद्धा क्षणभर थांबत आणि मग वाजवत. हे मी किती मांडवांत पाहिलंय. वाजंत्रीवाले आमच्या बाबांसाठी थांबतात, याचा मला लहानपणी भयंकर तोरा होता.

माझी धाकटी बहीण पाळण्यात होती तेव्हाच आई गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. तिची वेणीफणी, शाळेचा डबा, तापातली रात्र, सगळं त्यांनीच केलं. तिला ते म्हणत, तुझ्या लग्नात मी अशी मंगलाष्टकं म्हणीन की कोसाकोसांवरच्या हातोद गावापर्यंत ऐकू जातील. ती म्हणायची, मग मला हातोदलाच द्या बाबा, म्हणजे सासरी बसल्याबसल्या तुमचं बोलणं ऐकत जाईन. हा विनोद आमच्या घरात इतका झिजला होता की पुढचं वाक्य कुणीही पुरं करायचं. पण बाबांच्या लेखी तो विनोद नव्हता. गावातल्या एवढ्या मुलींना त्यांनी अंतरपाटापलीकडे पाठवलं ते आपल्या मुलीचा दिवस यायचा आहे म्हणून, अशीच काहीतरी त्यांची समजूत होती.

मी इंजिनीअर झालो तेव्हा नातेवाइकांचं मत पडलं की आता मुकाट नोकरी धरावी. मी मुकाट काही करणाऱ्यातला नाही. कॉलेजात कम्युनिकेशनचा एम.ई. नवा निघाला होता, मी त्याला जाऊन बसलो. आम्ही विद्यार्थी एका बाकावर मावू इतकेच होतो. कॉम्प्युटर आम्ही फळ्यावर शिकलो. मतलब असं की खरा कॉम्प्युटर तेव्हा इंदुरात नव्हताच. प्रोग्राम कागदावर लिहायचा, त्याची कार्डं बाहेरगावी पाठवायची आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. मग उत्तर यायचं की एक स्वल्पविराम राहिला आहे, सबब काम झालं नाही. हे असलं पत्रानं लग्न जुळवणं आपल्याला काही जमणार नाही, असं मी सरांना सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, तो फिर आवाज पे काम करो, तो तरी समोर ऐकू येतो.

काम असं होतं. टेलिफोनच्या तारेतून माणसाचा सगळा आवाज जात नाही. खालचा खर्ज आणि वरची सळसळ कापून टाकतात आणि मधला पट्टा तेवढा पाठवतात. पट्टा जितका अरुंद, तितकी एकाच तारेत जास्त बोलणी मावतात. तर आपल्या भाषांत किती कापलं तरी बोलणं समजतं, हे मला मोजायचं होतं. त्याची रीतही मोठी गमतीची. अर्थ असलेली वाक्यं वापरायची नाहीत, कारण माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं अंदाजानं भरतो. म्हणून ‘चफ, खट, झण, भुम’ असले बिनअर्थाचे शब्द कुणाकडून तरी टेपवर वाचून घ्यायचे, तो आवाज फिल्टरच्या पेटीतून गाळायचा आणि होस्टेलच्या पोरांना ऐकवून जे कानावर पडेल ते लिहायला सांगायचं. पोरं कचोरीच्या आशेनं येत आणि कचोरी संपली की त्यांना ऐकू येईनासं होई.

वाचायला निरनिराळे आवाज हवे होते. खालच्या पट्टीतला, न डगमगणारा एक आवाज मिळेल का, असं सरांनी विचारलं. मला काय, घरचाच होता.

बाबा काळी टोपी आणि लग्नातला कोट घालून प्रयोगशाळेत आले. एका कोपऱ्यात गाद्या आणि पोती टांगून आम्ही आवाज न घुमणारी खोली केली होती. त्यात शिरताना त्यांनी जोडे काढले, का ते विचारू नका. ‘चफ, खट, झण’ त्यांनी अशा गांभीर्यानं म्हटलं की बाहेर सर तोंडावर रुमाल धरून बसले. रेकॉर्डरचा काटा सारखा टोकाला आपटत होता. बाबांना मागं सरकवता सरकवता त्यांची खुर्ची पार गादीला टेकली. वाचन संपलं तेव्हा टेप थोडी उरली होती. बाबांनी विचारलं की एवढी वाया जाणार का. सर म्हणाले, कुछ सुना दीजिए. मग बाबा उभे राहिले आणि त्यांनी मंगलाष्टकं म्हटली. स्वतः रचलेली नव्हेत, सगळे म्हणतात तीच. बहिणीसाठी खास कडवं नंतर रचायचं होतं, मुलगा ठरल्याशिवाय ते कसं रचणार, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी ‘सावधान’ झाला आणि गाद्या टांगलेल्या असूनही मला तो पायाखालच्या फरशीत जाणवला.

मी टेप मागं घेऊन लावली. बाबांनी आपला आवाज जन्मात पहिल्यांदा बाहेरून ऐकला. ऐकताना ते टोपी काढून हातात घेऊन बसले होते. संपल्यावर म्हणाले की लोक म्हणतात त्यात काहीतरी तथ्य आहे तर. घरी जाताना भंवरकुआंच्या नाक्यापर्यंत शेतच शेत होतं तेव्हा, आणि त्या सगळ्या वाटेनं ते टोपी हातातच घेऊन चालले. खूश होते.

पुढचं वर्ष माझं फिल्टरांत गेलं. तार गुंडाळायची, जोडायची, मोजायची, परत उसवायची. शेवटी एक पट्टा असा सापडला की त्यातून शब्द जवळजवळ जसेच्या तसे पोचत. पोरांची उत्तरं बरोबर येऊ लागली, कचोरी नसतानासुद्धा. मी थिसिसच्या शेवटच्या पानावर लिहिलं की एवढा पट्टा ठेवला तर बोलण्यातलं महत्त्वाचं असं काहीही हरवत नाही. सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. वाक्य खरं होतं, आजही खरं आहे.

त्याच सुमारास बाबांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून काढा झाला, हळद-दूध झालं, कुणी ज्येष्ठमध दिलं. मग मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गाठ स्वरयंत्रावरच होती. जिवावरचं टाळायचं तर स्वरयंत्र काढून टाकावं लागणार होतं. मला इतका संताप आला की काय सांगू. ज्या माणसानं तंबाखू सोडा, सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही, त्याचा गळाच का? हात घ्यायचा होता, पाय घ्यायचा होता. हे मी देवाला म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, आणि हॉस्पिटलच्या जिन्यात दोन बाया माझ्याकडे बघत राहिल्या.

आणि बहिणीचं लग्न तेव्हाच ठरलं होतं. हसू नका, मुलगा हातोदचाच होता, तिथल्या मंडीत नोकरीला. मुहूर्त अजून लांब होता. बाबांनी डॉक्टरांना विचारून पाहिलं की लग्नानंतर नाही का चालणार. नाही म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. आवाज तोवर खरखरीत झाला होता, पण होता. त्यांनी पाणी मागितलं, थोडं प्यायले, आणि म्हणाले, “माझा आवाज तुझ्या कॉलेजात ठेवलेला आहे. तिच्या लग्नात लाव. तिला बाकी काही नको, तेवढं लाव.”

मी हो म्हणालो. त्यांच्याकडून ऐकलेलं ते शेवटचं बोलणं.

तिथून मी सायकल काढून थेट प्रयोगशाळेत गेलो. टेपांचा तेव्हा दुष्काळ होता. एकाची मोजणी झाली की त्याची रील पुसून दुसऱ्याला मिळायची, अशीच तिथली पद्धत होती, आणि माझी रील आता माझ्या एक वर्ष मागं असलेल्या एका विद्यार्थ्याच्या वाट्याला येणार होती. हा पोरगा मालव्यातल्या खेड्यातला, अतिशय सरळ, मला भिया, म्हणजे दादा, म्हणायचा आणि माझ्याकडून तार गुंडाळायला शिकला होता. मी त्याला सांगितलं की या रीलच्या शेवटी माझ्या बाबांची मंगलाष्टकं आहेत, ती मला जिवापाड हवी आहेत, काही झालं तरी ती जाता कामा नयेत. त्यानं छातीवर हात ठेवला. मग मी हॉस्पिटलात परतलो आणि पुढे बरेच दिवस माझं जग त्या खाटेएवढंच उरलं. बाबा वाचले. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथून. बोलण्यासाठी मी त्यांना एक पाटी आणि पेन्सिल आणून दिली. पाटीवर त्यांनी पहिलं काय लिहिलं असेल? ‘टेप?’

कॉलेजात गेलो तर तो पोरगा दारातच उभा. चेहरा नुसता फुलला होता. रील त्याला घ्यावी लागली होती, परीक्षक यायचे होते, मोजणी थांबत नव्हती. पण बाबूजींचं गाणं त्यानं आधी दुसऱ्या रीलवर उतरवून घेतलं होतं. उतरवतानाही माझ्यासाठी जास्तीची मेहनत घेतली होती. मूळ टेपवर लाइटची, म्हणजे विजेच्या प्रवाहाची, घूं-घूं फार होती, ती त्याला खपली नाही.

“भिया, आपके ही फिल्टर से निकाला है,” तो म्हणाला. “सबसे अच्छी वाली सेटिंग, आपकी थिसिस वाली. घूं-घूं पूरी साफ हो गई.”

लाइटची घूं-घूं जिथं होती तिथंच, त्या खालच्या, फिल्टरनं कापलेल्या भागातच, बाबांचा आवाज होता.

मी हेडफोन लावला. शब्द न् शब्द स्वच्छ होता. एकही अक्षर गळलं नव्हतं. आणि बोलणारा माणूस कुणीही होता. ट्रंककॉलवर लांबून कुणी मंगलाष्टकं म्हणावीत, तसा तो कुणीतरी होता. मी हेडफोन काढला आणि त्या पोराकडे पाहिलं. तो माझ्या शाबासकीची वाट बघत होता. आता याच्यावर रागवायचं तरी कसं? त्यानं सांगितल्यापेक्षा जास्त केलं होतं, जीव लावून केलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बहुत अच्छा किया म्हणालो. मग मागच्या बाजूला नळाशी जाऊन रडलो.

कापलेला खर्ज परत घालता येईल का, म्हणून मी सरांकडे गेलो. त्यांनी टेप ऐकली, पुन्हा ऐकली. चांगला माणूस, खोटा धीर देण्यातला नव्हता. जो गया वो गया, म्हणाले, जे टेपवर नाही ते कुठून वाढवणार, वाढवशील तर शोरच वाढेल. मी तरीही खालचा भाग उचलणारं सर्किट बांधलं. एक बिघडलं, दुसरं बांधलं. थिसिस टायपिंगला द्यायची सोडून मी तेच करत बसलो. आणि दर वेळी तेच. गुरगुर यायची, बाबा येत नसत. एका माणसाचं काय काय असतं आवाजात, आणि त्यातलं किती मी महत्त्वाचं नाही म्हणून लिहून दिलं होतं!

बाबांना सांगणं भाग होतं. मी म्हणालो की टेप आहे, पण आवाज थोडा पातळ झालाय. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पाटीवर लिहिलं, ‘शब्द कळतात?’

मी म्हणालो, सगळे.

त्यांनी ते बोटानं पुसलं आणि लिहिलं, ‘मग झालं.’ आणि उशीला टेकून डोळे मिटले. त्यांना समाधान वाटलं, की मला वाटावं म्हणून त्यांनी तसं लिहिलं, हे मला कधी कळलं नाही. बहिणीला मात्र त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं की लग्नात मंगलाष्टकं मीच म्हणणार. ती त्यांच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली की आमचे बाबा म्हणणार आहेत, दादानं सगळी व्यवस्था केली आहे. टेप आधी ऐकव म्हणून तिनं हट्ट धरला नाही. तिला ती मांडवातच ऐकायची होती, अंतरपाटामागं उभी राहून, बाकीच्या मुलींनी ऐकली तशी. आवाज पातळ झालाय हे मी तिच्यापासून लपवलं.

लग्न अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूच्या धर्मशाळेत होतं. सरांनी रेकॉर्डर घरी न्यायची परवानगी दिली होती. तो पोरगाच ते धूड टांग्यातून घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून. रेकॉर्डरची तार मांडवाच्या भोंग्याला जोडली आणि मी बहिणीच्या मागं, हाताच्या अंतरावर बसलो. भोंगा हीही एक आफतच, तो उरलासुरला खालचा आवाज खातो. पण त्याला इलाज नव्हता, मांडव मोठा होता. बाबा समोरच्या बाजूला उभे होते. गळ्याभोवती उपरणं गुंडाळलं होतं, हात नेहमीसारखे पुढे बांधलेले.

भटजींचं झालं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी बटण दाबलं.

पहिलं कडवं गेलं, लोकांनी अक्षता टाकल्या. दुसरं सुरू झालं. मांडवात कुजबुज चालू होती, तशी ती नेहमीच असते, पण बाबा म्हणायला लागले की थांबायची. आज ती थांबली नाही. कुणीतरी कुणालातरी विचारत होतं की जेवणाला बसायचं कुठल्या बाजूला. बहीण खाली मान घालून, हार धरून उभी होती. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिनं मान थोडी मागं वळवली.

“दादा,” ती अगदी हळू म्हणाली, “ही रेकॉर्ड पुरे कर ना आता. बाबांचा आवाज लाव.”

माझा हात बटणावर होता. मला वाटलं बंद करावं, सांगावं की टेप तुटली, सांगावं काहीही. पण मी म्हणालो, “हाच आहे गं.”

तिनं मान वर केली. अंतरपाटाच्या कडेवरून तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणत होते. डोळे मिटून, छाती भरून, भोंग्यातल्या शब्दाबरोबर शब्द, ओठांनी. जिथं दम घ्यायचा तिथं दम घेत होते, आणि श्वास उपरण्याखालून येत-जात होता म्हणून उपरणं हलत होतं. तेव्हा तिला पटलं की आवाज त्यांचाच आहे. तिच्या हातातला हार खाली आला, तो जमिनीला टेकू नये म्हणून शेजारच्या मामींनी पुढे होऊन खालून धरला.

शेवटचं कडवं आलं. बाबांनी मान मागं टाकली आणि तोंड उघडलं. भोंग्यातून ‘सावधान’ आला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर कळेल असा. आणि वाजंत्रीवाल्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली. ते थांबले नाहीत.

बाबांचं तोंड अजून उघडंच होतं.